चौकटीला चार वाळुंज

आज सकाळपासून धुकं आहे. खिडकीतून समोरच्या हॉटेलाच्या पाटीचं लाल तेवढं दिसतंय, अक्षरं दिसत नाहीत. खाली उभ्या असलेल्या गाड्यांच्या टपांवरून पाणी ओघळतंय. वारा अजिबात नाही. थंडी म्हणावी तर एका स्वेटरात भागेल इतकीच. शुक्रवार आहे, सुट्टी आहे, आणि मी एका फोनची वाट बघत बसलोय. नुसतं बसून राहायची सवय नाही, म्हणून वही काढली. मी दुसरीपर्यंत शाळेत गेलेला माणूस, अक्षरं जुळवायला वेळ लागतो. पण आज वेळच वेळ आहे.

आमच्या कामात पँटीच्या खालच्या दुमडीत बिया साठतात. दिवसभर गवतातून हिंडायचं, संध्याकाळी खोलीवर येऊन पँट झटकायची, की फरशीवर दहा जातींचं बी. कोणतं कुठं चिकटलं ते सांगता येत नाही. किस्स्यांचंही तसंच झालंय. तीन वर्षांत इतके चिकटलेत की आता झटकलेले बरे.

काम काय ते आधी सांगतो. दोह्याच्या बाहेर, शहराचं सांडपाणी शुद्ध करून सोडतात तिथं एक ओढा झालाय. वाळवंटात बारमाही ओढा! त्याच्या दोन्ही काठांनी आपोआप हिरवं उगवलं, पक्षी आले. आता त्या ओढ्याला काँक्रीटचे काठ बांधायचं चाललंय. कुठवर बांधायचे आणि कुठं झाडं आहेत तशी ठेवायची, हे ठरवण्यासाठी नादिया मॅडम नकाशा करतात. कोणतं झाड कोणाच्या शेजारानं राहतं ते बघायचं आणि त्या शेजाराला नाव द्यायचं. मॅडम त्याला कम्युनिटी म्हणतात, मी आळी म्हणतो. बोरूची आळी, झाऊची आळी, आणि ओढ्याच्या वळणावर सात झाडांची वाळुंजाची आळी. ज्या आळीला कमिटी मान्यता देईल तिथं काँक्रीट जाणार नाही. बोरू आणि झाऊ मैलभर पसरलेत, त्यांची काळजी नाही. काळजी वळणावरच्या वाळुंजाची. कमिटी काल बसली. फोन त्याचाच यायचाय.

आम्ही चौघं. नादिया मॅडम इजिप्तच्या, झाडांच्या डॉक्टर, आता थोडं हिंदीही बोलतात. बिजू केरळचा, त्याच्याकडे कॉम्प्युटर. हनीफभाई रत्नागिरीकडचे, गाडी चालवतात आणि कामापुरती अरबी बोलतात, म्हणून आमचे दुभाषीही तेच. ते इथं अल मन्सुऱ्यात माझ्या समोरच्याच खोलीत राहतात. आणि मी किसन, सीनेच्या काठचा, आयुष्यभर माळीकाम केलेला. कंपनीनं नर्सरीतून उचलून मला मॅडमच्या हाताखाली दिलं. मार्चात करार संपतो, मग कायमचा घरी.

*

पहिल्याच आठवड्यात मॅडमनी ओढ्याच्या पलीकडून मला हाक मारली, "या अम्मी!"

हनीफभाईंच्या हातातला चहा सांडला. त्यांच्या घरी आईला अम्मी म्हणतात. मिशीवाल्या, धोतराला साजेल अशा माणसाला ही बाई आई का म्हणते, हे त्यांना कळेना. मग मॅडमनी समजावलं, की अरबीत अम्मी म्हणजे माझे काका, आणि त्यांच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला असंच म्हणतात. पण तोवर उशीर झाला होता. बिजूला ते माझ्या हुद्द्याचं नाव वाटलं आणि त्यानं माझ्या हेल्मेटवर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत अम्मी लिहून टाकलं. गेटवरचा नेपाळी गार्डही मग सलाम करताना अम्मीच म्हणायला लागला.

एकदा जेवणाच्या सुट्टीत हनीफभाईंनी घरी व्हिडिओ कॉल लावला होता. रेंज कमी होती. ते फोन वर धरून ओरडले, "अम्मी, ऐकू येतंय का?"

रत्नागिरीहून त्यांची आई आणि झाऊखालून मी, दोघांनीही ओ दिली.

*

आमचं काम असं. जमिनीत चार खुंट्या ठोकायच्या, त्यांना दोरी गुंडाळायची, चौकट तयार. मग आत कोणतं झाड किती जागा व्यापून आहे ते सांगायचं. बिजू विचारायचा, "अम्मीजी, बोरू कितना परसेंट?"

मला परसेंट कळत नाही. पण अख्ख्यातलं किती आहे ते कळतं. मी म्हणायचो, अर्धी भाकरी. झाऊ चतकोर. मीठगवत नितकोर. पाणकणीस एक घास.

बिजूनं चतकोर मॅडमना विचारला, मॅडमनी मला विचारला. मी वाळूत भाकरी काढून दाखवली. अर्धीचं अर्धं चतकोर, चतकोराचं अर्धं नितकोर. मॅडम स्वतः अंदाज करायच्या आणि मग माझा ऐकायच्या. आठवडाभर दोन्ही जुळवून बघितले. मग त्यांनी कागदावरचा परसेंटचा रकाना खोडला आणि भाकरी लिहायला सुरुवात केली. त्या म्हणाल्या, आकडा सांगताना माणूस खोटा नेमकेपणा दाखवतो, भाकरी तसं करत नाही.

पुढं युरोपातून एक गोरे शास्त्रज्ञ बघायला आले. कागद हातात घेऊन त्यांनी विचारलं, ही कुठली पद्धत? मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, मराठी ब्रेड स्केल. त्या पाहुण्यांनी ते वहीत टिपून घेतलं आणि विचारलं, ब्रेडचा आकार केवढा?

मी म्हणालो, ज्वारीची भाकरी, परातीएवढी. हनीफभाई म्हणाले, छे, भाकरी म्हणजे तांदळाची, तळहाताहून थोडी मोठी. तुमची ती घोंगडी. मी म्हणालो, तुमचं ते पापड. पाहुणे विमानतळाकडे निघून गेले तरी आमचं चालूच होतं. गाडी अल हिलालच्या सिग्नलला आली तेव्हा मागच्या सीटवरून बिजूचा बारीक आवाज आला.

"तो डेटा में कौन सा डालूँ?"

*

झाडांची लॅटिन नावं पाठ करायला मला एक हिवाळा लागला. बोरूचं नाव फ्रॅगमायटीस. ते काही केल्या जिभेवर बसेना, शेवटी मी त्याला फराकमावशी करून घेतलं. झाऊ म्हणजे टॅमरिक्स, तो टमरेल. मॅडम समोर असल्या की मी नीट म्हणायचा प्रयत्न करायचो, नाहीतर मावशी आणि टमरेल यांच्यावरच काम चालायचं.

एकदा मॅडम ऑफिसात होत्या आणि बिजूचा फोन स्पीकरवर होता. समोर दोन साहेब बसलेले. बिजूनं विचारलं, वळणाच्या अलीकडे काय परिस्थिती आहे? मी काठावरून मोठ्यानं सांगितलं, मावशी फार माजलीय, टमरेलाला पाण्यापर्यंत जाऊ देत नाही.

बिजू म्हणतो, साहेबांपैकी एक हैदराबादचा होता, त्याला थोडं मराठी कळायचं. त्यानं काळजीनं विचारलं की साइटवर बायकांची सोय केलेली नाही का.

*

वाळुंज मला कसा सापडला ते सांगायलाच हवं.

ओढ्याच्या वळणापर्यंत आम्ही पहिल्यांदा पोचलो तेव्हा बोरूच्या पलीकडे एक झाड हललं. पान लांबट, निमुळतं. मी एक पान तोडून पालथं केलं. खालून पांढुरकं. मी तिथंच खाली बसलो. आमच्या सीनेच्या काठाला असाच वाळुंज. पुरात काठ धरून ठेवणारं झाड ते. त्याची ओली काठी चिखलात खुपसून विसरून जावं, पुढच्या वर्षी तिला पानं.

मॅडम मागून आल्या आणि त्याही थांबल्या. त्यांनी पान गालाला लावलं. म्हणाल्या, "सफसाफ."

त्यांच्याकडे अरबीत वाळुंजाला सफसाफ म्हणतात. नाईल नदीच्या काठाला त्यांच्या लहानपणी होता. मी म्हणालो, हा आमच्या नदीचा. त्या म्हणाल्या, हा आमच्या नदीचा. हनीफभाई मध्ये उभे राहून इकडचं तिकडे करत होते. मग मॅडमनी भिंग काढलं, पान बघितलं आणि निकाल दिला, की हा दोघांचाही नाही, पण दोघांचाही चुलतभाऊ आहे. इथं कुणी आणला, कसा आला, कुणालाच माहीत नाही. सात झाडं तेवढी होती.

निघताना त्यांनी मला विचारलं, अम्मी, तुम्ही राहता कुठं? मी म्हणालो, मन्सूरा.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांचं इजिप्तमधलं गावही मन्सूराच आहे. हनीफभाईंना हे सगळं उलगडून सांगायला गाडी सुरू होईपर्यंत वेळ लागला. चावी फिरवताना ते म्हणाले, "आता एवढं सगळं जुळलंय तर मॅडमना विचारून टाका, सीनेचं पाणी नाईलला कुठं मिळतं ते."

*

यापुढचा किस्सा सांगताना अजून माझा हात जड होतो. पण तो सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाहीत.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटाला मॅडम रजेवर होत्या. ओढ्याच्या वळणावर एक पाइप फुटला. तिथले मुहंदिस, म्हणजे इंजिनिअर, जॉर्डनचे आहेत. त्यांनी हनीफभाईंना फोन केला. गाडीत एसी घोंघावतोय, मागून ट्रक हॉर्न देतोय. हनीफभाईंनी ऐकलं ते मला येऊन सांगितलं. मशीन येणार आहे, पाइपाजवळची जागा मोकळी करायची. "आणि शेवटी दोनदा म्हणाला, साफ साफ."

पाइपाजवळ बोरू होता आणि सातांपैकी चार वाळुंज होते. मी विचारलं, झाडंसुद्धा? हनीफभाई म्हणाले, साफ साफ म्हणजे मग राहणार काय?

मला पटत नव्हतं. पण बोरू कापणारी माणसं मशीन घेऊन उभी होती. ती आडवीतिडवी तोडणार, त्यापेक्षा आपणच नीट तोडावं म्हणून मी करवत घेतली. चारही झाडं गुडघाभर ठेवून, तिरका काप देऊन तोडली. पाणी कापावर थांबू नये म्हणून तिरका.

दुसऱ्या दिवशी मुहंदिस आले आणि डोक्याला हात लावून उभे राहिले. एका बुडख्याकडे बोट दाखवून, लहान मुलाला शिकवावं तसं म्हणाले, "सफसाफ. सफसाफ."

हनीफभाईंनी मान डोलावली. "हो साहेब. एकदम साफ साफ."

मॅडमचा तो शब्द माझ्या कानात तेव्हा शिरला. मुहंदिसांनी फोनवर सांगितलं होतं, वाळुंज आहे, वाळुंज सांभाळा.

शब्द दोन वर्षांपूर्वी माझ्यासमोर उच्चारला गेला होता, तोही पान गालाला लावून. मला कळायला हवं होतं. हनीफभाई त्या दिवशी जेवले नाहीत. मीही नाही. मुहंदिसांनीच मॅडमना फोन करून सांगितलं. बिजू म्हणाला, नंतर मॅडमनी त्याला फोन केला आणि फक्त पुढच्या महिन्याच्या कामाचं विचारलं.

*

तोडलेल्या फांद्यांचा ढीग दोन दिवस ओढ्याकाठी पडून होता. तिसऱ्या दिवशी ट्रक येऊन नेणार होता.

आता मॅडमच्या चौकटींच्या खुंट्या प्लॅस्टिकच्या. उन्हानं त्या बिस्किटासारख्या मोडायच्या. वळणाजवळच्या चार चौकटींच्या खुंट्या मोडल्याच होत्या, आणि नव्या बसवणं हे माझंच काम. मी ढिगातून हातभर लांबीच्या, अंगठ्याएवढ्या जाड सोळा काठ्या निवडल्या. टोकं केली. चारी चौकटींच्या कोपऱ्यांत ठोकल्या, दोरी बांधली. हनीफभाईंनी विचारलं, हे काय? मी म्हणालो, खुंट्या.

आणि त्याच आठवड्यात मी महिन्याच्या सुट्टीवर गावी गेलो. धाकट्या मुलीचं बाळंतपण होतं.

परत आलो तेव्हा बिजू विमानतळावर घ्यायला आला होता. गाडीत बसायच्या आधीच त्यानं सांगितलं, अम्मीजी, चमत्कार झाला. माझ्या मागं त्यानं हनीफभाईंना बरोबर घेऊन सगळ्या चौकटी मोजल्या होत्या. वळणाजवळच्या चार चौकटींमध्ये वाळुंजाची नवी रोपं आली होती. कॉम्प्युटरनं स्वतःहून नवा गट पाडला, हिरव्या रंगाचा. प्रवासानं थकलोय म्हणालो.

सकाळी साइटवर मॅडम उभ्या होत्या, हातात बिजूचा कागद. त्या बोटानं एकेक ओळ दाखवत वाचत होत्या. पहिली चौकट, वाळुंज चार. दुसरी चौकट, वाळुंज चार. तिसरी, चार. चौथी, चार.

"बिजू," त्या म्हणाल्या, "हे झाड मोजायला कुठं शिकलं?"

बिजू कागद बघत राहिला. हनीफभाईंनी माझ्याकडे बघितलं. मॅडम चालत पहिल्या चौकटीपाशी गेल्या. चारी कोपऱ्यांत चार खुंट्या, खुंट्यांना वीतभर हिरवी पानं, आणि पानांतून माझी दोरी गेलेली.

"अम्मी. या माझ्या खुंट्या आहेत?"

मी म्हणालो, हो. खुंट्या म्हणूनच ठोकल्या.

मॅडम उकिडव्या बसल्या. एका खुंटीचं साल नखानं थोडं खरवडून बघितलं. कोंब वरच्या बाजूला तोंड करून होते. मग दुसरीचं बघितलं. तिसरीचं. सोळाही काठ्या त्यांनी बघितल्या. आम्ही तिघं मागून मागून. शेवटच्या चौकटीशी उठून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "खुंटीला बूड-शेंडा नसतो, अम्मी. सोळाच्या सोळांचं बूड खाली कसं?"

मी हेल्मेट काढून हातात धरलं.

त्यांच्या तीन वर्षांच्या चार चौकटी मी बिघडवल्या होत्या. हे मला तिथं उभं असतानाच कळलं, आणि त्यांनी सुनावलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी फक्त त्या चार चौकटी नकाशाच्या हिशेबातून काढून टाकायला सांगितल्या आणि बिजूला नवा कागद करायला लावला. कागदाचं नाव बिजूनं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, लिही, खुंट्या.

जाता जाता त्या माझ्याजवळ थांबल्या. त्यांचे वडील नाईलकाठी असंच करायचे, म्हणाल्या. "तेही कुंपण घालतोय असंच सांगायचे."

*

पंधरा दिवसांपूर्वी कमिटीचे मोठे साहेब बघायला आले. कतारी, वयानं माझ्याएवढे, हातात काठी. बोरूची आळी त्यांनी गाडीतूनच बघितली. झाऊच्या आळीला उतरले. वळणावर आल्यावर मात्र पायी निघाले.

तिथं आता काय होतं, तर जुने तीन वाळुंज. तोडलेल्या चार बुडख्यांना पुरुषभर फुटवे आलेले. आणि माझ्या सोळा खुंट्या, कमरेएवढ्या. जुन्या झाडांवर बुलबुलाचं घरटं होतं.

साहेबांचा प्रश्न एकच होता. ही झाडं कुणी लावली आहेत की आपली आपण आली आहेत? मॅडमनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. आपली आलेली असतील तर ते रान, आणि रान तसंच ठेवायचं. कुणी लावलेली असतील तर ती बाग. बाग कंत्राटदाराची, तो काढून दुसरीकडे खजूर लावून देईल आणि काँक्रीट सरळ पुढं जाईल.

मॅडमनी खरं ते सांगितलं. जुनी सात कशी आली माहीत नाही, चार चुकून तोडली, सोळा खुंट्यांची झाली. साहेबांनी विचारलं, खुंट्या कुणी ठोकल्या? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. हेल्मेटवरचं नाव साहेबांनी वाचलं, आणि त्यांच्या मिशा थोड्या हलल्या.

त्यांनी मला विचारलं, तू लावलीस?

हनीफभाईंनी मराठीत विचारताना पुढं हळूच जोडलं, "नाय म्हणा, अम्मी. खुंट्या होत्या म्हणा."

मी म्हणालो, "काठ्या मी रोवल्या साहेब. बूड खाली धरून रोवल्या, म्हणजे मनात होतंच. झाड मात्र त्यांचं ते झालंय."

हनीफभाईंना हे अरबीत सांगायला बराच वेळ लागला. मी सांगितलं त्याच्यापेक्षा बरंच लांब झालं ते. मध्ये एकदा त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, एकदा कानाला हात लावला, आणि "साफ साफ" एवढं मला ऐकू आलं. म्हणजे तोडल्याचा दोषही ते स्वतःवर घेत होते.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग ते पहिल्या चौकटीत शिरले आणि काठीनं माझ्या वाळुंजाच्या बुडाशी माती उकरायला लागले. एका झाडाशी उकरलं, दुसऱ्याशी उकरलं. मॅडमना काही समजेना. तिसऱ्या चौकटीत त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हनीफभाईंकडून विचारलं, "नळी कुठं आहे?"

कसली नळी? ठिबकची. या देशात रस्त्याकडेच्या प्रत्येक झाडाच्या, प्रत्येक फुलाच्या बुडाशी काळी नळी असते. नळी काढली की आठ दिवसांत झाड जातं. पंचवीस वर्षं मी त्याच नळ्या पुरल्यात.

मी म्हणालो, नळी नाही साहेब. पाणी ओढ्याचं.

"खत?"

नाही.

"रोवल्यावर कोण बघत होतं?"

मी म्हणालो, कुणी नाही. मी महिनाभर गावी होतो.

साहेब उठले, काठीची माती झटकली, आणि जाताना मॅडमना काही न सांगता वहीत एक ओळ लिहिली. बिजूनं मान लांब करून बघायचा प्रयत्न केला, पण त्याला अरबी वाचता येत नाही. गाडीपर्यंत पोचवताना मॅडम माझ्याशेजारून चालत होत्या. नाही म्हटलं असतंत तरी मी तुम्हाला दोष दिला नसता, असं त्या म्हणाल्या. मग थोडं चालून म्हणाल्या, पण मग सोळा झाडांकडे मला रोज बघता आलं नसतं.

कमिटी काल बसली. संध्याकाळपर्यंत मॅडमचा फोन लागत नव्हता. मुहंदिस साइटवरच राहतात, निर्णय आधी त्यांच्याकडे येणार, कारण काँक्रीटची माणसं त्यांचीच.

*

इथवर लिहून झालं आणि बाहेर समोरची पाटी दिसायला लागली. धुकं वर चाललंय. इथल्या करक, म्हणजे कडक दुधाच्या चहाचे दोन कप घेऊन हनीफभाई दारात उभे आहेत, कानाशी फोन. मघापासून ते अरबीत बोलतायत आणि "नाअम, नाअम, मुहंदिस", म्हणजे हो हो, म्हणतायत. मी वही मिटायला घेतली तर त्यांनी हातानं थांब म्हणून खुणावलं. मग त्यांनी बोलणाऱ्याला मध्येच अडवलं, कप टेबलावर ठेवले आणि फोनवर एकेक अक्षर सुटं सुटं म्हणून घेतलं. साद. फा. साद. अलिफ. फा.

फोन बंद करून ते माझ्या खाटेवर बसले. चहाचा एक घोट घेतला.

"अम्मी," ते म्हणाले, "काँक्रीट वळणाच्या अलीकडेच थांबणार. पलीकडे सगळं सफसाफ. घाबरू नका, या वेळी स्पेलिंग विचारून घेतलंय."